ताई, आमच्या वर्गाचा ब्लॉग कुणी वाचतच नाही!

गेल्या अंकात म्हणलं होतं की शाळेतल्या ब्लॉग, व्हिडिओ, पॉडकास्ट असल्या प्रकल्पांबद्दल काही अडचणी असतील तर कळवा, तर पत्रं, मेल आणि व्हॉट्सअॅप मिळून एवढं काही आलं की सगळं इथं मावणार नाही. नावं छापू नका असं बहुतेकांनी लिहिलंय म्हणून फक्त गाव किंवा पेठ दिलीय. काही प्रश्न सारखेच होते ते एकत्र केलेत.

प्रश्न : मी सातवीला मराठी शिकवते. जूनमध्ये वर्गाचा ब्लॉग काढला, पोरं पहिले आठ दिवस नुसती उड्या मारत होती, आता लिहायला कुणी मागत नाही. जे लिहितात ते 'माझा आवडता ऋतू' नाहीतर 'मोबाईल शाप की वरदान', आणि तेही नेटवरनं जसंच्या तसं उचललेलं. वाचणारं कोण तर मी आणि आमचे मिस्टर. मुख्याध्यापक विचारतात ह्याचा उपयोग काय. बंद करू का? (शिक्षिका, कसबा बावडा)

बंद नका करू मॅडम, विषय बदला. आवडता ऋतू दिला की पावसाळा येणार, पावसाळा आला की मातीचा सुगंध येणार आणि शेवटी शेतकरी आनंदी होणार, चाळीस पोरांचे चाळीस निबंध म्हणजे एकाच साच्यातनं काढलेल्या गुळाच्या ढेपा. आणि ह्यात पोरांना नावं ठेवायचं काही कारण नाही, पाचवीपासून आपणच त्यांना तसं लिहायची सवय लावलीय, मार्क पण त्यालाच दिलेत. नेटवर जे तयार आहे तेच तुम्ही मागितलं तर पोरगं ते नेटवरनंच आणणार की, त्यात कसली चोरी!

मागायचं ते असं मागा की जे नेटवर नाहीच. समजा कोल्हापुरी चपलेवर प्रकल्प दिला. नुसतं 'माहिती लिहा' म्हणलात तर काय येईल ते मी आत्ताच सांगते, २०१९ ला जीआय (म्हणजे त्या भागाच्या वस्तूचं भौगोलिक मानांकन) मिळालं, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे त्यात आहेत, २०२५ ला मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा ह्या इटलीतल्या कंपनीनं तसलीच चप्पल दाखवली आणि आपल्याकडं गदारोळ झाला. सगळं बरोबर आहे, पण हे सगळ्यांकडंच आहे. आता त्याच पोरांच्या जोड्या करा आणि कुणातरी मोठ्या माणसाबरोबर कोल्हापुरातच चपला बनतात त्या सुभाषनगरला नाहीतर विकतात त्या चप्पल लाईनला पाठवा. जाताना प्रश्न घरनं लिहून न्यायचे. एक जोड करायला किती दिवस जातात? कान (चपलेच्या बाजूचे कातड्याचे छोटे पदर) कोण शिवतं, वेणी कोण घालतं, घरातल्या बायकांकडं कुठलं काम असतं? बाभळीची साल आणि हिरडा घालून कातडं कमवायची जुनी पद्धत अजून कुणी करतं का, का आता तयार कातडं येतं, आणि येतं तर कुठनं? आणि शेवटचा प्रश्न, जो पोरं न सांगता पण विचारतातच, तो म्हणजे 'तुमचा मुलगा पण हेच करणार काय?' त्यावर तो माणूस हातातलं काम थांबवून काय म्हणाला, हे जगातल्या कुठल्याही वेबसाईटवर सापडणार नाही, ते फक्त तुमच्या वर्गातल्या त्या दोन पोरांकडं आहे. असं काहीतरी हाताला लागलं की पोरगं स्वतःहून लिहितं, तुम्हाला मागं लागावं लागत नाही.

लांबलचक मागू नका. दीडशे शब्द, हातांचा एक फोटो, आणि त्या माणसाचं एक वाक्य जसं बोलला तसंच. बास.

आता वाचणारं कुणी नाही ह्याचं. इंग्लंडमधल्या शिक्षकांनी २०११ च्या आसपास ह्यावर एक साधी युक्ती काढली, तिला क्वाडब्लॉगिंग म्हणतात. चार शाळांनी गट करायचा, एका आठवड्यात एकाच शाळेचा ब्लॉग पुढं ठेवायचा आणि बाकीच्या तीन शाळांतल्या पोरांनी तो वाचून त्यावर लिहायचं, पुढच्या आठवड्यात दुसरी शाळा. तुम्ही बावड्याच्या, मग चंदगड, गगनबावडा आणि शिरोळकडची एकेक शाळा धरा, डीएड-बीएडच्या बॅचचा ग्रुप असतोच की आपला, गुड मॉर्निंगच्या फुलांशिवाय त्यात दुसरं काही होत नाही तर हे तरी होऊ दे. चंदगडचं पोरगं विचारतं 'चपलेला कान म्हणजे काय?' आणि तुमच्या पोराला कळतं की आपण जे सोपं समजत होतो ते वाचणाऱ्याला कळलंच नाही, मग ते बसून परत लिहितं. तुम्ही लाल पेनानं दहा वेळा 'स्पष्ट करा' लिहिलंत तरी हे झालं नसतं.

आणि हे काही इंटरनेटमुळं आलेलं नवीन खूळ नाही बरं का. सेलेस्ताँ फ्रेने नावाचे एक फ्रेंच मास्तर होते, खेड्यातल्या शाळेत शिकवायचे, त्यांनी १९२० च्या दशकात वर्गात चक्क छापखाना आणून ठेवला होता. पोरं आपलं लिहिलेलं स्वतः खिळे जुळवून छापायची आणि दुसऱ्या गावच्या शाळेला पाठवायची, तिकडनं त्यांचं यायचं. आपल्याकडची हस्तलिखितं आणि भित्तिपत्रकं तरी दुसरं काय होती, फक्त ती पाहुणे आले की दाखवायची आणि परत कपाटात कुलूपबंद.

मुख्याध्यापकांना उपयोग दाखवायचा असेल तर व्ह्यूजचा आकडा अजिबात दाखवू नका. एका पोराचा पहिला खर्डा आणि चौथा खर्डा शेजारी शेजारी ठेवा, त्यांना बोलायला काही राहणार नाही.

प्रश्न : मुलगी सहावीत आहे. शाळेच्या ब्लॉगवर तिचा फोटो, पूर्ण नाव, वर्ग, तुकडी सगळं टाकलंय. आम्ही काही बोललो तर मॅडमना राग येईल आणि मुलीवर निघेल असं मिसेसना वाटतं. आमचं चुकतंय का? (पालक, राजारामपुरी)

तुमचं काही चुकत नाही. मॅडमना भेटा, पण एकट्यानं तक्रार केल्यासारखं नको, आणखी दोन-तीन पालकांना घेऊन जा आणि 'नाव-फोटो काढा, लेख राहू दे' एवढंच मागा. बहुतेक ठिकाणी हा मुद्दाम केलेला प्रकार नसतो, हौसेपोटी झालेला असतो.

२०२३ च्या डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायद्यात १८ वर्षांच्या आतलं प्रत्येक जण मूल धरलंय आणि त्याची माहिती वापरायची तर आईवडलांची खात्रीलायक संमती लागते असं त्यात म्हणलंय. नियम टप्प्याटप्प्यानं लागू होतायत, ते होऊ देत, पण शाळेनं तोवर थांबायचं काही कारण नाही. आणि पालकांच्या ग्रुपवर मेसेज टाकला, चार अंगठे आले, झाली संमती, असं नसतं हे शिक्षकांनी पण लक्षात घ्यावं. एका कागदावर लिहा की काय टाकणार, कुठं टाकणार, कोण बघू शकेल आणि नंतर काढायचं म्हणलं तर कुणाला सांगायचं, आणि त्यावर सही घ्या. ज्यांनी सही दिली नाही त्यांच्या पोराला प्रकल्पातनं बाहेर काढायचं नाही, त्याचं लेखन टोपणनावानं जाऊ दे. टोपणनाव पोरांना तसंही जास्त आवडतं, एकेक नाव असलं भन्नाट शोधतात की बस्स.

फोटो काढताना चेहरा नको. हात, वही, चूल, माग, पाठमोरं पोरगं. शर्टावरचा शाळेचा बिल्ला पण फ्रेममध्ये येतो तो बघा, आणि फोनच्या कॅमेऱ्यातलं लोकेशन बंद ठेवा, नाहीतर फोटोच्या आतच जागेची नोंद जाते. गूगलचं खातं पोरांना स्वतः वापरायला १३ वर्षं पूर्ण लागतात, म्हणजे तुमच्या सहावीतल्या मुलीनं वय वाढवून खातं काढलं असेल तर ते आधी बंद करा. ह्या वयात पोस्ट टाकायचं काम शिक्षकांच्याच खात्यावरनं व्हावं आणि कॉमेंट तपासल्याशिवाय दिसू नयेत, ती सेटिंग ब्लॉगरमध्ये पण आहे आणि वर्डप्रेसमध्ये पण.

प्रश्न : आमच्या आठवीतल्या एका मुलानं वर्गाच्या ब्लॉगवर लिहिलं की शाळेच्या स्वच्छतागृहात दुपारनंतर पाणी नसतं, रिकाम्या टाकीचा फोटो पण टाकला. संस्थेच्या लोकांचा फोन आला, आम्ही लगेच पोस्ट काढली. आता मुलं म्हणतात खरं लिहिलं की काढता, मग लिहायचं कशाला? (मुख्याध्यापक, गडहिंग्लज तालुका)

सर, पोरं बरोबर बोलतायत.

तुम्हाला स्कॉटलंडमधली एक गोष्ट सांगते. मार्था पेन नावाची नऊ वर्षांची मुलगी २०१२ मध्ये आपल्या शाळेतल्या जेवणाच्या ताटाचा रोज फोटो काढायची आणि ब्लॉगवर टाकायची, सोबत मार्क, किती घास झाले आणि जेवणात केस सापडला का ते पण. लोकांनी ते उचलून धरलं, पेपरात आलं, तशी तिथल्या कौन्सिलनं (आपल्याकडच्या नगरपालिकेसारखी संस्था) तिला शाळेत फोटो काढायलाच बंदी घातली. बंदीची बातमी झाल्यावर तर सगळं जगच ते वाचायला आलं आणि कौन्सिलला दुसऱ्याच दिवशी बंदी मागं घ्यावी लागली. आणि त्या गर्दीतनं मलावीतल्या शाळकरी पोरांच्या जेवणासाठी लाखभर पौंडापेक्षा जास्त देणगी जमली. म्हणजे काय, झाकायला गेलं की जास्त दिसतं. गडहिंग्लजात सुद्धा तसंच होतं, पोस्ट काढली तरी स्क्रीनशॉट कधीच गावभर गेलेला असतो.

पण त्या पोराच्या पोस्टमध्ये एक कमी होती असं मला वाटतं, त्यानं कुणाला विचारलं नाही. टाकी का रिकामी? मोटर बिघडलीय का, ग्रामपंचायतीचं पाणीच एक वेळ येतं का, का सकाळी नळ चालू राहतो? शिपाईमामांना विचारायचं, तुम्हाला विचारायचं, आणि तुमचं उत्तर पण त्याच पोस्टमध्ये छापायचं. वर्गात हा नियम आधी करून घ्या की माणसावर लिहायचं नाही, गोष्टीवर लिहायचं, आणि ज्याच्याकडं बोट जातंय त्याला आधी विचारायचं. एवढं पाळलं असेल तर मग पोस्ट काढायची नाही, कुणाचाही फोन येऊ दे. फोन आला तर त्यांना सांगा की पोरं बातमी लिहायला शिकतायत, अभ्यासक्रमात बातमीलेखन आहेच.

आत्ता काय करायचं? पोस्ट परत टाका, टाकीचं काम करून घ्या, आणि काम झालं की त्याच मुलाला दुसरी पोस्ट लिहू दे. संस्थेच्या लोकांना ती दुसरी पोस्ट फार आवडेल बघा, स्वतःच शेअर करतील.

प्रश्न : शिरोळकडं आहे आमची शाळा. जुलैत पाऊस वाढला तेव्हा नववीच्या मुलानं आमच्या शाळेच्या चॅनलवर पुराचा व्हिडिओ टाकला, 'आत्ताचं वाडीतलं (नृसिंहवाडीतलं) दृश्य' म्हणून. तो निघाला जुना. तोपर्यंत लोकांनी म्हसरं सोडायला सुरुवात केली होती. मुलाला काय शिक्षा करावी?

शिक्षा नको, काम द्या. आपल्या भागात पूर म्हणजे गंमत नाही, २०१९ आणि २०२१ ज्यांनी बघितलाय त्यांच्या पोटात अजून गोळा येतो, त्यामुळं लोकांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. नृसिंहवाडीच्या दत्त मंदिरात पाणी शिरल्याचे व्हिडिओ दरवर्षी एकसारखेच दिसतात, दक्षिणद्वार सोहळा (नदीचं पाणी देवळात शिरून दक्षिणेच्या दारातनं बाहेर पडतं तो) ह्या वर्षीचा का तीन वर्षांपूर्वीचा हे नुसतं बघून मोठ्यांना पण ओळखत नाही, पोराला कुठनं ओळखणार.

त्या मुलालाच वर्गाचा 'तपासणी प्रमुख' करा. व्हिडिओ आला की तो कुणाकडनं आला हे आधी विचारायचं, आणि 'ग्रुपवर आला' हे उत्तर धरायचं नाही. व्हिडिओ थांबवून त्यातलं एक चित्र गूगल लेन्समध्ये टाकायचं, जुना असेल तर बऱ्याचदा जुन्या बातमीतच सापडतो. मग आकडे बघायचे. कसबा बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे इथल्या शेंबड्या पोराला पण पाठ असतं, जिल्हा प्रशासन पावसाळ्यात पातळी जाहीर करतं. त्या दिवशी पाणी इशारा पातळीच्या बरंच खाली असेल आणि व्हिडिओत घरं बुडालेली असतील तर काहीतरी घोळ असू शकतो. राधानगरी धरणाचं पण तेच, सात स्वयंचलित दरवाजे आहेत, एक उघडला की १४२८ क्युसेक (म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट पाणी), आणि बातमीत 'धरण फुटलं' असल्या थाटाचं म्युझिक. किती दरवाजे उघडलेत आणि कधी उघडलेत एवढं पोरानं लिहिलं तरी ते निम्म्या यूट्यूबवाल्यांपेक्षा चांगला पत्रकार आहे.

आणि चुकीचा व्हिडिओ गुपचूप डिलीट करू नका. आधी चॅनलवर ठळक लिहायचं की तो व्हिडिओ जुना होता, आम्ही काढून टाकतोय, आणि खरी पातळी ही आहे. ज्या ग्रुपवर तो गेला त्या प्रत्येक ग्रुपवर ही दुरुस्ती पोरानंच टाकायची. ते त्याला जड जाईल, जाऊ दे.

काही छोटे प्रश्न

*लॅब नाही, वर्गात एकच फोन आहे, तो पण माझा.* (करवीर तालुका) पुरेसा आहे. पॉडकास्ट करा, व्हिडिओच्या नादाला लागू नका. एक पोरगं विचारणार, एक रेकॉर्डिंग सांभाळणार, बाकीचे प्रश्न काढणार आणि ऐकून लिहून घेणार. पंखा बंद, खिडक्या बंद, फोन तोंडापासून वीतभर लांब, आणि फोन एअरप्लेन मोडवर, नाहीतर आजीबाई लग्नाची गोष्ट रंगात येऊन सांगतायत आणि मध्येच तुमच्या बँकेचा फोन.

*ऑफिसात टाईप केलेलं ब्लॉगवर टाकलं की सगळं गिचमीड दिसतं.* (शाळेतला क्लार्क) जुना फॉन्ट असणार, श्रीलिपी नाहीतर कृतिदेव. युनिकोडमध्ये (जे सगळ्या फोन-कॉम्प्युटरवर नीट दिसतं) टाईप करा, त्याचा इन्स्क्रिप्ट कीबोर्ड शिकायला थोडे दिवस जातील पण परत त्रास नाही. जुनं जे आहे ते कन्व्हर्टरनं बदलून घ्या आणि जोडाक्षरं स्वतः तपासा, 'र' हमखास गडबडतो.

*स्नेहसंमेलनाच्या व्हिडिओला सिनेमाचं गाणं लावलं, यूट्यूबनं आवाजच काढून टाकला.* (अनेकजण!) काढणारच. वर्गात शिकवताना वापरायला कायद्यात सूट आहे, पण जगासमोर टाकलं की ते शिकवणं राहत नाही. आपल्याकडं गीतकार-संगीतकार वारल्यावर ६० वर्षांपर्यंत हक्क राहतो, त्यामुळं 'जुनं गाणं आहे हो' हे चालत नाही. पोरांच्या लेझमाचा, हलगीचा आवाज स्वतः रेकॉर्ड करा की, कोल्हापुरात राहून बॅकग्राऊंड म्युझिक शोधत कसले बसताय.

*ब्लॉगला मार्क कसे द्यायचे?* तयार पोस्टला देऊ नका. प्रश्नांची यादी, कच्चा खर्डा आणि दुसऱ्याच्या पोस्टवर केलेली कॉमेंट ह्यांना द्या. 'छान लिहिलंस' ह्या कॉमेंटला शून्य.

प्रश्न : ताई, मी नववीत हाय. आमच्या आज्ज्यानं पैलवानकी केलीया, त्येची मुलाखत घिऊन मी खासबागेतल्या कुस्त्यांवर लिवलं. सर म्हणले एआयनं लिवलंयस. खरंतर मी फक्त शुद्धलेखन तपासायला चॅटजीपीटीत टाकलं हुतं. बाकी सगळं माझं हाय. आता काय करू? (शिवाजी पेठ)

बाळा, तू दोन्ही कॉपी पाठवल्यास म्हणून बरं झालं, मी शेजारी ठेवून वाचल्या. तुझ्या वहीत आज्जा म्हणतो, 'तिसऱ्याच मिनिटाला त्येला आस्मान दावलं, मैदान नुसतं उठून हुबं.' आणि चॅटजीपीटीनं परत दिलं ते असं, 'त्यांनी अल्पावधीतच प्रतिस्पर्ध्याचा पराभव केला व प्रेक्षकांनी उभे राहून अभिवादन केले.' आता तूच सांग, शिवाजी पेठेतला कुठला पैलवान असं बोलतो? सरांना शंका आली ती इथंच आली असणार, त्यांना दोष देऊ नको.

शुद्धलेखन तपासायला टाकलं तरी ते यंत्र नुसत्या वेलांट्या बघत नाही, सगळी वाक्यंच धुऊन इस्त्री करून देतं. तुला पाहिजेच असेल तर 'एक पण वाक्य बदलू नको, फक्त कुठले शब्द चुकलेत ते दाखव' असं सांगायचं आणि दुरुस्ती स्वतःच्या हातानं करायची. आज्जा जिथं बोलतोय तिथं अवतरणचिन्ह घाल आणि त्याचं बोलणं जसंच्या तसं ठेव, तिथं 'हाय' चं 'आहे' करायचं नाही. तुझं स्वतःचं निवेदन मात्र प्रमाण मराठीत लिही, ते पण यायला पाहिजे की. मधल्या भागात तू लिहिलंयस की मैदान शाहू महाराजांनी बांधून घेतलं, १९१२ साली सुरू झालं, ते छान, पण आज्जा पहिल्यांदा तिथं कुणाबरोबर गेला आणि कुठं बसला हे तू विचारलंच नाहीस, ते विचार.

सरांकडं जाताना वही, मूळ रेकॉर्डिंग आणि दोन्ही कॉपी घेऊन जा आणि म्हण, 'सर, कुठलाही प्रश्न विचारा.' एआय ओळखणारी जी सॉफ्टवेअर असतात ती कुणाला पण एआय म्हणतात, त्यांच्यावर कुणीच विसंबू नये, पण पाच मिनिटं तोंडी विचारलं की लिहिलंय कुणी ते लगेच कळतं, आणि हे सर लोकांना पण माहीत असतं. आणि ते रेकॉर्डिंग फोनमध्ये जागा नाही म्हणून डिलीट मारू नको, आधी दुसरीकडं कॉपी करून ठेव.